तीन दिवसांचा चषक आणि नऊ महिन्यांचा हंगाम

आपल्या वस्त्यांमध्ये टूर्नामेंटना तोटा नाही. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, मिरज, महाड, कुठेही जा. डिसेंबर ते मे या काळात नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागलेले असतात. नाव ‘प्रीमियर लीग’. खेळाडूंचं ऑक्शन होतं, छापील टी-शर्ट येतात, प्रमुख पाहुणे येतात, रोख बक्षीस जाहीर होतं आणि तिसऱ्या दिवशी रात्री फायनल. चौथ्या दिवशी मंडपवाला बांबू काढायला येतो आणि वर्षभरासाठी सगळं संपतं. नाव लीगचं असतं, पण लीग त्यात कुठेच नसते.

या लेखात माझं म्हणणं साधं आहे. आपल्या तरुणांना टूर्नामेंट भरपूर मिळाल्या, हंगाम मात्र मिळाला नाही. आणि त्याचं नुकसान केवळ खेळापुरतं नाही. शिक्षणासाठी मी पूर्व लंडनमध्ये होते, तेव्हा तिथल्या हौशी फुटबॉलचा एक पूर्ण हंगाम मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिला. टीव्हीवर दिसतं ते हे फुटबॉल नव्हे. शनिवारी दुपारी तीन वाजता पन्नास-शंभर माणसांसमोर, कधी त्याहूनही कमी माणसांसमोर, चिखलात खेळलं जाणारं हे फुटबॉल आहे. आपल्याला शिकण्यासारखं बरंच काही तिथे आहे असं मला वाटतं.

हंगाम म्हणजे नेमकं काय

इंग्लंडचं फुटबॉल एका उतरंडीसारखं रचलेलं आहे. सगळ्यात वर प्रीमियर लीग, आणि तिथून पायरीपायरीने खाली उतरत गेलं की नवव्या स्तरावर प्रादेशिक लीग लागतात. पूर्व लंडन आणि एसेक्स परगण्याची ‘एसेक्स सीनियर लीग’ त्यातलीच एक. ती १९७१ मध्ये सुरू झाली. त्याच्याही खाली जिल्ह्यांच्या, शहरांच्या आणि रविवारच्या लीग आहेत. हॅकनी मार्शेस नावाच्या विस्तीर्ण माळावर एके काळी शंभराहून अधिक मैदानं आखलेली असत आणि दर रविवारी सकाळी तिथे शेकडो माणसं खेळत. या सगळ्या पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. जिंकलात तर वर जाता, हरलात तर खाली येता. नवव्या स्तरावरचा क्लबसुद्धा एफए कपमध्ये ऑगस्टमधल्या सुरुवातीच्या फेरीत उतरू शकतो, आणि हीच स्पर्धा शेवटी वेंब्लीच्या फायनलपर्यंत जाते. कुणाला तिथवर पोचणं शक्य नसतं, पण दार एकच असतं.

हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये संपतो. प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. सप्टेंबरात सगळे उत्साहात असतात. खरी परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत लागते. सकाळी रेफरी येऊन मैदान तपासतो, पाणी साचलेलं किंवा जमीन गोठलेली असेल तर सामना रद्द करतो. रद्द झालेले सामने मंगळवार-बुधवारच्या रात्री, कामावरून थेट येऊन खेळावे लागतात. एप्रिलमध्ये ते इतके साचतात की आठवड्याला तीन-तीन सामने होतात. तेव्हा संघाचं पाणी कळतं. पहिल्या शनिवारी पंचवीस जण हजर असतात, फेब्रुवारीतल्या पावसात अकरा जमवताना सचिवाची दमछाक होते.

हा सचिव मला सगळ्यात जास्त आवडला. तो खेळत नाही. त्याचा फोटो कुठे छापून येत नाही. पण क्लब कौंटी फुटबॉल असोसिएशनकडे नोंदवणं, विमा भरणं, खेळाडूंची नोंदणी, मैदानाचं भाडं, रेफरीचं मानधन, समोरच्या संघाला वेळ आणि जर्सीचा रंग कळवणं, संध्याकाळी निकाल कळवणं, पिवळ्या-लाल कार्डांचा दंड वसूल करणं, हे सगळं तो करतो. मुलांचा संघ असेल तर त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणारी, रीतसर पडताळणी झालेली व्यक्तीही लागते. यातलं एकही काम रोमांचक नाही. पण हे न झालं तर सामना होत नाही. इंग्लंडचं हौशी फुटबॉल या निरस कामांवर उभं आहे.

दुसरी गोष्ट रेफरीची. २०१९-२० च्या हंगामापासून तिथल्या तळागाळातल्या फुटबॉलमध्ये एक नियम लागू आहे: रेफरीशी हुज्जत घातली की दहा मिनिटं मैदानाबाहेर बसायचं. संघ तेवढा वेळ दहा जणांनी खेळतो. आपल्याकडे अंपायरशी भांडण झालं की बॅट उचलून संघ निघून जातो, मग आयोजक आणि ‘मोठी माणसं’ मध्यस्थी करतात आणि निकाल कुणाची माणसं जास्त यावर ठरतो. तिथे रेफरी चुकला तरी चालतं, कारण पुढच्या शनिवारी दुसरा सामना असतोच. तक्रार असेल तर लेखी करा. हंगाम लांब असला की माणसाला अन्याय पचवायलाही थोडी जागा मिळते. तीन दिवसांच्या स्पर्धेत एक चुकीचा निर्णय म्हणजे सगळंच गेलं, म्हणून तिथे जिवाचा आकांत.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटते: समोरचा संघ पुन्हा भेटणार असतो. ऑक्टोबरमध्ये ज्यांच्या मैदानावर जाऊन तुम्ही शिवीगाळ केली, ते मार्चमध्ये तुमच्याकडे येणार आहेत. पुढच्या वर्षीही येणार आहेत. त्यांची चहाची टपरी तुम्हाला माहीत होते, त्यांचा म्हातारा ग्राउंड्समन नावाने ओळखू लागतो. मैत्री होईलच असं नाही. पण ओळख होते, आणि ओळख ही नागरिकत्वाची पहिली पायरी आहे.

रोजा, बार आणि सट्टा

पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात बांगलादेशी मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. १९७८ च्या ४ मे रोजी अल्ताब अली या तरुण कापड कामगाराचा तिथे वंशद्वेषातून खून झाला. ज्या उद्यानाजवळ हे घडलं, त्याला आज त्याचं नाव आहे. त्या काळात बंगाली पोरांना एकट्यादुकट्याने मैदानात जाणंही धोक्याचं वाटे. त्याच वस्तीतून १९९६ मध्ये ‘स्पोर्टिंग बेंगॉल युनायटेड’ हा क्लब उभा राहिला. आधी त्यांची खेळी आपापसातल्या स्पर्धांमध्ये होती. पण ते तिथेच थांबले नाहीत. २००३ मध्ये ते केंट लीगमध्ये उतरले आणि पुढे २०११ मध्ये एसेक्स सीनियर लीगमध्ये आले. म्हणजे त्यांनी आपलं नाव ठेवलं, आपलं माईल एंडचं मैदान ठेवलं, आणि सामना मात्र सगळ्यांशी घेतला. तेच नियम, तेच रेफरी, तीच गुणतालिका. गुणतालिकेत तुमचा धर्म लिहिलेला नसतो. खेळलेले सामने, झालेले गोल आणि मिळालेले गुण, एवढंच असतं.

मुस्लीम खेळाडूच्या अडचणी यामुळे नाहीशा होत नाहीत. रमजानचंच घ्या. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मागच्या दशकात तो उन्हाळ्याच्या सुट्टीत येत होता, त्यामुळे इंग्लंडमध्ये प्रश्नच नव्हता. २०२० च्या आसपास तो हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात शिरला आणि आता पुढची कित्येक वर्षं तो हंगामातच राहील. २०३० मध्ये तो जानेवारीत येईल. तेव्हा लंडनचा सूर्य चारच्या सुमारास मावळतो. म्हणजे तीनच्या सामन्यात इफ्तार दुसऱ्या हाफमध्येच.

यावर उपाय काय निघाला? एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या प्रीमियर लीग सामन्यात अर्ध्या तासाच्या सुमारास गोल किकच्या वेळी खेळ काही क्षण थांबला. वेस्ली फोफाना आणि शेखू कुयाते यांनी कडेला जाऊन रोजा सोडला आणि खेळ पुढे सुरू झाला. दोन्ही कर्णधारांनी आणि रेफरीने आधीच ठरवून ठेवलं होतं. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, कुणी मोर्चा काढला नाही, सामना लांबलाही नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते ‘आधीच ठरवून’ हे. हौशी लीगमध्येही मुस्लीम खेळाडूंना असंच करावं लागतं: सामन्याआधी रेफरीला सांगायचं, समोरच्या कर्णधाराला सांगायचं. मागणी करायला लाजायचं नाही आणि मागणी करताना आकांडतांडवही करायचं नाही. हे कौशल्य आहे, आणि ते वर्षानुवर्षं एकाच व्यवस्थेत राहिल्याशिवाय येत नाही.

बार आणि सट्टा हे त्याहून कठीण प्रश्न. इंग्लंडमधले अनेक छोटे क्लब क्लबहाऊसमधल्या बारच्या कमाईवर चालतात. ज्या क्लबांना ते नको असतं त्यांना वर्गणी आणि देणगीदारांवर विसंबावं लागतं. सट्टेबाजी कंपन्यांचा पैसा तर खालच्या लीगपर्यंत पोचला आहे. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ मध्ये ठरवलं की २०२५-२६ च्या हंगामानंतर जर्सीच्या पुढच्या बाजूला जुगाराच्या जाहिराती असणार नाहीत. हा निर्णय धार्मिक कारणाने झाला नाही. जुगारात कर्जबाजारी होणाऱ्या सामान्य कुटुंबांची चिंता करणाऱ्यांनी दबाव आणला, म्हणून झाला. आपल्यासाठी यात एक खूण आहे. आपली नैतिक हरकत आपण ‘आमच्या धर्मात चालत नाही’ एवढ्यावरच थांबवली तर ती आपल्यापुरती सवलत ठरते. तीच हरकत सगळ्यांच्या पोरांच्या भल्यासाठी मांडली तर ती सार्वजनिक मुद्दा होते.

आपला क्लब हवा की नको

इथे एक जुना वाद येतो. मुस्लिमांनी स्वतःचा वेगळा संघ काढावा का? काही जण म्हणतील, हा अलगाववाद. काही म्हणतील, बाहेर आम्हाला घेतंय कोण?

इंग्लंडचा इतिहास इथे उपयोगी पडतो. आज जगभर ओळखले जाणारे कितीतरी क्लब मुळात प्रार्थनास्थळांचे संघ होते. ॲस्टन व्हिला वेस्लियन चॅपलच्या तरुणांनी १८७४ मध्ये काढला. एव्हर्टनचं मूळ मेथडिस्ट चर्चमध्ये आहे, मँचेस्टर सिटीचं सेंट मार्क्स चर्चमध्ये, साउदॅम्पटनचं सेंट मेरीज चर्चच्या तरुण मंडळात. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या आयरिश कॅथलिकांनी १८७५ मध्ये हिबर्नियन काढला, तेव्हा तिथल्या फुटबॉल संघटनेने त्यांना आधी सदस्यत्व नाकारलं. हिबर्नियननेही सुरुवातीला फक्त कॅथलिक तरुणच घेतले. पुढे ती अट गेली. नाव राहिलं, कुंपण गेलं.

उलट उदाहरण आपल्या मुंबईचं. तिथे हिंदू, पारशी, मुस्लीम, युरोपियन असे धर्मवार क्रिकेट संघ एकमेकांशी भिडत. १९३७ मध्ये उरलेल्यांचा ‘द रेस्ट’ हा पाचवा संघ आला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. १९४० मध्ये गांधीजींनी या धर्मवार रचनेला विरोध केला आणि १९४६ मध्ये ती बंद झाली. गंमत अशी, की १९३७ मध्येच, त्याच मुंबईत, ‘बंगलोर मुस्लिम्स’ या फुटबॉल संघाने रोव्हर्स कप जिंकला. ब्रिटिश लष्करी पलटणींची मक्तेदारी असलेला तो चषक जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. दोन्हीकडे संघाच्या नावात ‘मुस्लीम’ होतं. पण एका स्पर्धेचा पायाच धर्मावर होता, दुसरीत चांगला खेळणाऱ्या कुणालाही जागा होती. फरक संघाच्या नावात नव्हता, मैदानाच्या रचनेत होता.

म्हणून माझं उत्तर असं: मोहल्ल्याचा क्लब जरूर काढा, नाव हवं ते ठेवा. दोन अटी पाळा. लीग सगळ्यांची असली पाहिजे, आणि तुमच्या क्लबचं दार दुसऱ्यांसाठी उघडं असलं पाहिजे. फक्त बिरादरीतल्या बिरादरीत फिरणारी स्पर्धा कितीही थाटात भरवली तरी ती आपल्याला आपल्याच आरशासमोर उभं करते.

इंग्लंड म्हणजे स्वर्ग नव्हे

इंग्लंडचं गुणगान करायला मी हे लिहीत नाही. तिथल्या ‘हौशी’ या शब्दातच वर्गभेद दडलेला होता. पैसे न घेता खेळणं श्रीमंतांना परवडे. मजुराचा शनिवारचा रोज बुडे. १९०५ मध्ये सुरू झालेल्या इस्थमियन लीगचं ब्रीद होतं की सन्मान पुरेसा आहे, आणि तिथे सुरुवातीला विजेत्याला चषकही देत नसत. पण पुढे अनेक ‘हौशी’ खेळाडूंच्या बुटांत गुपचूप नोटा ठेवल्या जाऊ लागल्या. शेवटी १९७४ मध्ये फुटबॉल असोसिएशनने हौशी-व्यावसायिक हा भेदच रद्द केला. बायकांचं तर विचारूच नका. १९२० मध्ये एका महिला सामन्याला लिव्हरपूलमध्ये ५० हजारांहून अधिक लोक आले, आणि पुढच्याच वर्षी असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांना बंदी घातली. ती जवळपास ५० वर्षं टिकली. मग जागतिक संघटनेने हिजाबवर घातलेली बंदी उठायला २०१४ उजाडलं. म्हणजे ज्यांना आपण प्रगत म्हणतो त्यांनीही बायकांना मैदानाबाहेर ठेवलं होतं. आपल्या मुली खेळल्या तर संस्कृती बुडेल असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तिकडेही हेच म्हणणारे होते, आणि ते हरले.

दुसरा आक्षेप आपल्याच मातीतला आहे. कोल्हापुरात पेठांच्या आणि तालमींच्या संघांची फुटबॉल लीग पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. शाहू स्टेडियम भरतं, घराघरांत संघावरून वाद होतात. याच शहरातल्या काही तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही. तरीही जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून तिथे दंगल पेटलीच ना?

पेटली. लीग म्हणजे दंगलीवरची लस नव्हे, आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दंगली घडवणाऱ्यांचे हेतू, पोलिसांची भूमिका आणि राजकारण यांना फुटबॉल हे उत्तर नाही. पण अफवा पसरते त्या रात्री, पलीकडच्या पेठेतल्या संघाच्या सचिवाचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये असणं आणि नसणं यात फरक आहे. तो नंबर एका शांतता समितीच्या बैठकीत मिळत नाही. आठ वर्षं दर हंगामात दोनदा भेटून मिळतो.

मग करायचं काय

मोठी सुरुवात नको. एका शहरातले सहा किंवा आठ संघ घ्या. त्यातले दोन आपल्या मोहल्ल्यातले, बाकीचे आसपासचे. सामने पाच-सहा महिने, आठवड्याला एक, प्रत्येकाशी दोनदा. नियम चार पानांत लिहा आणि पहिल्या सामन्याआधी सगळ्या कर्णधारांच्या सह्या घ्या. जिल्हा फुटबॉल संघटनेकडे नोंदणी करा. रेफरी बाहेरचा आणा आणि त्याचं मानधन आधी बाजूला काढून ठेवा. बॅनर, ऑक्शन आणि प्रमुख पाहुण्यांवर जाणारा पैसा मैदानाचं भाडं, विमा आणि चेंडू यांवर लावा. रोख बक्षीस ठेवू नका. जुगाराच्या ॲपची जाहिरात घेऊ नका. रमजानच्या वेळा हंगामाच्या सुरुवातीलाच वेळापत्रकात घाला, तशाच गणपतीच्या आणि बोर्डाच्या परीक्षेच्याही.

मुलींची लीग ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून सोडू नका. मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेने मुस्लीम आणि हिंदू मुलींना एकत्र फुटबॉलच्या मैदानावर आणलं, आणि मैदान मिळावं म्हणून मुलींनीच लोकांच्या सह्या गोळा केल्या. मैदान म्हणजे सार्वजनिक जागा, आणि सार्वजनिक जागेवर हक्क सांगण्याची सुरुवात कधी कधी चेंडूनेही होते.

आणि सर्वांत शेवटचं, सर्वांत अवघड: तळाला असलेल्या संघाने हंगाम पूर्ण खेळायचा. मी पाहिलेल्या हंगामात एक संघ मार्चमध्येच खालच्या पायरीवर जाणार हे नक्की झालं होतं. तरी ते शेवटच्या शनिवारपर्यंत येत राहिले. ज्यांच्याशी खेळले त्यांच्या लढतीला अर्थ राहावा, म्हणून. आपल्या चळवळीतही हेच कमी पडतं. निषेध सभेला आपण पाचशे जमतो, त्यानंतरच्या तिसऱ्या बैठकीला पाच. माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो, अपील करत नाही. मतदार यादीत नाव गेलं म्हणून ओरडतो, यादी तपासण्याच्या दिवशी घरी झोपतो. फेब्रुवारीतल्या पावसात अकरा जण जमवण्याची सवय ज्यांना आहे, ती माणसं समाजाला हवी आहेत. या वर्षी तुमच्या गावात चषकाच्या मीटिंगला बोलावणं आलं, तर एवढं विचारा: पुढचा सामना कधी?